रोडग्यांच्या राखेतली काच

माझ्या बॅगेतली राळ धामणगावच्या अलीकडे कुठेतरी वितळली. सांगलीत गाडीत बसताना ती डब्यात ठणठणीत होती. यवतमाळच्या एसटीसाठी धामणगावला उतरून बॅग उचलली तर खालून तपकिरी ओघळ लागलेला, आणि आत दोन शर्ट, एक टॉवेल आणि बायकोने निगुतीने बांधून दिलेला भडंगाचा पुडा यांचं एकच बोचकं झालेलं. ही राळ भिंगं आणि आरसे पॉलिश करायची असते. मला नोकरीत असल्यापासून घरच्या घरी दुर्बिणीचे आरसे घासायचा नाद आहे. राळ त्या त्या गावच्या हवेला बेतून शिजवावी लागते हे मी शिकाऊ लोकांना मोठ्या तोंडाने सांगत असतो. ही राळ मी सांगलीच्या फाल्गुनाला बेतली होती. यवतमाळ जिल्ह्याच्या फाल्गुनाशी माझी अजून ओळख व्हायची होती.

यवतमाळला जातोय म्हटल्यावर आमच्या कट्ट्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, तिकडे कोण आहे तुमचं? तिकडे सुजाता होती, आणि तिला मी तोवर पाहिलंही नव्हतं. यवतमाळच्या एका कॉलेजात ती टेल्युराइट काचेवर पीएच.डी. करते. आपल्या खिडकीची काच वाळूपासून होते. या काचेत वाळूचा कणही नसतो. तिच्या जागी टेल्युरियम नावाच्या मूलद्रव्याचं ऑक्साइड असतं. ही काच कमी आचेवर वितळते, हाताला जड लागते, रंगाने पातळ मधासारखी दिसते आणि तिच्यात शिरलेला प्रकाश साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त वाकतो. डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरणही तिच्यातून आरपार जातात. म्हणून जगभर लोक तिच्यामागे लागले आहेत.

सुजाताचा प्रबंध तपासणाऱ्या परीक्षकांनी एक अट घातली होती. काच प्रकाशाला किती वाकवते हा आकडा तिने सूत्राने काढला होता. तो लोलक बनवून प्रत्यक्ष मोजून दाखवा, मगच तोंडी परीक्षा. लोलक घासायला तिथे कोणी नव्हतं. तिच्या मार्गदर्शक मॅडम एकदा आरसे घासायच्या शिबिरात मला भेटल्या होत्या, त्यांनी माझं नाव सुचवलं. सुजाताने काचेचा तुकडा कुरिअरने पाठवला. तो सुखरूप आला आणि काच कापायच्या माझ्या चाकाला लागताक्षणी खळ्ळकन फुटून त्याचे खडे झाले. मी फोन करून सांगितलं. मग ती म्हणाली, "काका, पावडर आता एकदाच काच ओतता येईन इतकी उरली आहे." नवी मागवायची तर महिने जाणार होते, आणि तिची मुदत संपत आली होती. दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढलं.

यवतमाळ

सुजाता स्टँडवर स्कूटी घेऊन आली होती. लहानखुरी, बोलायला मोकळी, आणि माझ्या बॅगेचं बूड पाहून हसू दाबत असलेली. "पहिले पोहे खा," ती म्हणाली, "मग रडू आपण." इकडे पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घालून त्यांना लग्नाला निघाल्यासारखं सजवतात. हे पोहे कामावर निघालेले होते. मी दुसरी प्लेट मागवली आणि राळेचं दुःख बरंच हलकं झालं.

प्रयोगशाळेत मॅडमनी आधी तोंडाला मास्क लावायला लावला. टेल्युरियमची पावडर पोटात किंवा फुप्फुसात गेली तर माणसाच्या श्वासाला आणि घामाला कितीतरी दिवस लसणाचा वास येतो, असं त्यांनी बजावलं. मी काटेकोरपणे मास्क लावला. तरी दुपारी माझ्या तोंडाला लसणाचा भपकारा यायला लागला आणि मी घाबरून चूळ भरायला धावलो. सुजाताने शांतपणे आठवण करून दिली की जेवताना मी तिच्या डब्यातला मिरची-लसणाचा ठेचा जवळजवळ एकट्याने संपवला होता.

काच ओतायचं काम मात्र बघत राहावं असं. भट्टीतून लांब चिमट्याने मूस निघाली. आतला रस केशरी, पण त्याला वितळलेल्या लोखंडाची ती दांडगाई नव्हती. पाकासारखा तो गरम पितळी साच्यात उतरला आणि बघता बघता थिजून स्वच्छ झाला. सुजाता श्वास धरून उभी होती. भेग पडली नाही. मी टाळी वाजवली. तिने नाही वाजवली.

कारण खरी परीक्षा पुढे होती. काच थंड होताना आधी वरून आकसते, आतून मागाहून आकसते, आणि या ओढाताणीत ती आतल्या आत रुसून बसते. बाहेरून काही कळत नाही. माझ्या घरी फुटलेली काच अशीच रुसलेली होती. हा रुसवा काढायचा तर काच वितळणार नाही एवढ्या बेताने पुन्हा तापवायची, तशीच काही वेळ बसू द्यायची आणि मग अगदी सावकाश निववायची. त्यासाठीची छोटी भट्टी दुरुस्तीला नागपूरला गेली होती, आणि तिथला माणूस रोज फोनवर "उद्या" म्हणत होता. मोठी भट्टी वितळवायला ठीक, पण तिचं दार नीट बसत नाही. बंद केली की भराभर निवते. पहिला तुकडा तिच्यातच निववला होता.

रुसवा बघायची युक्ती सोपी आहे. पोलरॉइडच्या दोन काळसर चकत्या एकमेकींवर आडव्या धरल्या की पलीकडचं काही दिसत नाही, नुसता काळोख. मध्ये साधी, समाधानी काच धरली तरी काळोखच राहतो. पण काचेत ताण असेल तर रंग उमटतात. आम्ही सुजाताचा नवा तुकडा धरला. निळा, पिवळा, गुलाबी, मोराच्या पिसाऱ्यासारखे पट्टे. इतकं देखणं आणि इतकं वाईट मी एकाच वेळी कधी पाहिलं नव्हतं.

"काका," सुजाता म्हणाली, "रविवारी मामाच्या वावरात रोडगे आहेत. राखेत ठेवून पाहिली तर?"

रोडगे म्हणजे निखाऱ्यांच्या राखेत भाजलेले कणकेचे गोळे, एवढं मी ऐकून होतो. मी चिडलो. चिडणं मला लवकर जमतं. शेवटची काच, आणि ही ती चुलीत घालायला निघाली! मी तिला आमच्याकडच्या हुरड्याच्या आगटीचं उदाहरण दिलं. गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं भाजली की दोन मिनिटांत खायची. तिथे काच ठेवली तर तडतडणारच.

"हुरडा वेगळा, काका," ती म्हणाली. "रोडगे राखेत दडपून ठेवतात. कोणी घाई करत नाही. मी मोजून दाखवते ना तुम्हाला, मग बोला." आणि तिने तापमान मोजायची लांब तार पिशवीत टाकली.

मारेगावच्या वाटेवर

मारेगावला तिचं घर आहे. वणीच्या एसटीत आम्ही खिडकीशी बसलो. काच स्टीलच्या डब्यात, चारही बाजूंनी सरकीसकट कापूस, आणि डबा माझ्या मांडीवर. अशी रुसलेली काच नुसत्या हादऱ्यानेही फुटू शकते, त्यामुळे प्रत्येक गतिरोधकाला मी डबा अधांतरी उचलत होतो. कंडक्टरने ते बराच वेळ पाहिलं.

"काय हाये जी डब्यात?"

"काच."

"कायची?"

"टेल्युराइट."

त्याने तिकीट माझ्या हातात दिलं आणि मागच्या प्रवाशाला सांगितलं, "दही असन. लाजून राह्यले."

बाहेर पळस फुलला होता. पान एक नाही आणि झाडभर केशरी लाल फुलं. उघड्या काळ्या रानात ती झाडं पाहिली की मला सारखी मुशीतल्या रसाची आठवण यायची. करंजीपासून पुढे कोळशाचे ट्रक समोरून यायला लागले आणि रस्ता आणखी खडबडीत झाला. माझे हात भरून आले तेव्हा सुजाताने डबा घेतला. पुढच्या प्रवासात तिने तो एकदाही मांडीवर टेकवला नाही.

तिची आई अंगणवाडी सेविका. वडील सुजाता लहान असतानाच गेले. "जय भीम, या," म्हणत आईंनी हातपाय धुवायला पाणी दिलं, चहा झाला, आणि मग त्यांना काच बघायची होती. मी चकत्यांमध्ये तुकडा धरून दिला. त्या दाराच्या उजेडात कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"लय सुंदर हाये. हे बिघडलं म्हणता तुमी?"

"हो. हे रंग गेले पाहिजेत."

"कायले? इतकं चांगलं दिसून राह्यलं." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "चार वर्स झाले, हे पोरगी सुट्टीच्या दिवशी घरी नाई बसत. हे बिगडलेलं इतकं चांगलं, तं चांगलं झालेलं कसं असन बाप्पा!"

मी पुन्हा चहा मागितला.

वावरात

सुजाताच्या मामांचं नाव गौतम. कपाशी काढून झालेलं मोकळं रान, बांधावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या काटक्यांचे, वाळलेले ढीग, आणि एका बाभळीच्या सावलीत रोडग्यांची तयारी. कणकेचा घट्ट गोळा, आत कणकेचेच थरावर थर, असा मुठीएवढा एकेक रोडगा मामा वळत होते. गोवऱ्या पेटवून त्यांचा धूर पूर्ण संपेपर्यंत त्यांनी कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. मग निखारे पसरून, रोडगे त्यात ठेवून, वरून राखेचं पांघरूण. "आता कोणी हात लावाचा नाही," मामांनी जाहीर केलं. मी टोक उकरून पाहायला काडी उचलली तर माझ्या हातातून ती काढून घेतली गेली.

सुजाताने त्या राखेत तार खुपसली. मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून बसलो होतो. बराच वेळ ती मध्ये मध्ये मोठ्याने आकडा वाचत राहिली, आणि तो आकडा इतक्या संथपणे उतरत होता की शेवटी मी तोंड वळवलंच. तिच्या काचेला हवी तीच आच होती, तीनशेच्या आसपासची, आणि राख ती सोडायला तयार नव्हती. मी इतकी वर्षं आगटी पाहिली, पण तिच्या राखेची आच कधी थांबून मोजली नव्हती. आम्हाला हुरड्याची घाई असते.

"मग?" सुजाता म्हणाली.

"मग काय, घाल," मी म्हणालो.

काचेसाठी तिने वेगळा ढीग केला; खाण्याच्या जवळ ती पावडर-काच नको, हे तिचं ठाम होतं. मडक्यात गार राख, राखेच्या मधोमध काच, वर पुन्हा राख, झाकण, आणि मग मडक्याभोवती निखारे एकेक करून सरकवायचे म्हणजे काच हळूहळू तापेल. तार मडक्यात. आकडा फार चढला की ती चिमट्याने निखारे मागे ओढायची, उतरला की पुढे. दुपारभर तिचं हेच चाललं. जेवायलाही ती तिथेच बसली.

आणि ते जेवण! राख झटकलेला गरम रोडगा कुस्करायचा, त्यावर तुपाची धार, वरण, आणि बाजूला तेलात डुंबणारी वांग्याची भाजी. पहिल्या घासाला मी बोलायचा थांबलो, ही घटना आमच्या घरी कळवली तर कोणाचा विश्वास बसणार नाही. आई वाढत होत्या आणि मामा "घ्या ना जी, काहून लाजता" म्हणत होते. मी लाजत नव्हतो, मला फक्त जागा उरली नव्हती. सावलीत पाय पसरून वाटलं, माणसाला आणखी काय पाहिजे.

तेवढ्यात चुर्रर्र असा आवाज झाला.

फाल्गुनात सगळीकडे वाळलेल्या पऱ्हाट्या. वावरात विस्तव सोडून कोणी जात नाही. आवराआवर झाली की राखेवर पाणी, हे मामांच्या हाताला लहानपणापासून पक्कं झालेलं. सुजाता नेमकी ताट धुवायला उठली होती; रोडग्यांचा ढीग विझवून ते बादली घेऊन दुसऱ्या ढिगाकडे वळले होते, आणि पाणी ओतलंही होतं. "गौतम!" आईंनी धावत जाऊन बादली धरली. अर्धी रिकामी झाली होती. मडक्याच्या एका अंगाने वाफेचा लोळ उठला आणि आत कुठेतरी टक्क झालं.

मामा बादली धरून तसेच उभे राहिले. "मले आठवलंच नाई वं," ते भाचीला म्हणाले. "हात चालूनच गेला."

सुजाता धावत आली. तिने पाण्याच्या बाजूचा चिखल बाजूला केला, कोरडी गरम राख ओढून तिथे लावली आणि तारेचा आकडा पाहिला. मला सहन होईना. मी म्हटलं, उघडून तरी बघू, निदान कळेल.

"नका उघडू, काका," ती म्हणाली. "फुटली असन तर फुटली. नसन फुटली, तर आता उघडल्यावर नक्की फुटन."

मग आम्ही सगळे त्या ढिगाभोवती बसून राहिलो. ऊन कलायला लागलं तेव्हा मामांनी घोंगडी आणली आणि ढिगाशेजारी अंथरली. "तुमी जा घरी. विस्तव ठेवाचा तं कोणी तरी थांबलं पाहिजे. मीच थांबतो." त्यांच्याकडे पाहून नको म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

सकाळी गेलो तेव्हा मामा उठून बसलेले होते, डोळे लाल. राख कोमट झाली होती. मडक्याला पाण्याच्या बाजूने उभी चीर गेली होती; कालचा टक्क तिचा होता. सुजाताने राखेत हात घातला आणि काच चाचपली. मग दोन्ही हातांनी वर काढली, ओढणीने पुसली. अख्खी होती.

मामांनी मोठ्याने श्वास सोडला, पण तिने अजून सोडला नव्हता. मी चकत्या धरल्या, तिने काच मध्ये आणली. काळोख. तिने काच फिरवली, तरी काळोख. फक्त एका कोपऱ्यात, जिथे मडक्यावर पाणी पडलं होतं त्या बाजूला, पिवळा-निळा नखाएवढा डाग राहिला होता.

आई खांद्यावरून वाकल्या. "दाखव. काही दिसूनच नाई राह्यलं. रंग कुठे गेले वं?"

"काहीच नाई दिसत, आई," सुजाता म्हणाली, "तेच पाहिजे होतं मले," आणि बांधावर बसून ती रडायला लागली. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मला फार आनंद झाला. इतका, की मी राखेने भरलेल्या मामांना मिठी मारली. आधीच दोन शर्ट राळेत गेले होते, तिसरा राखेत गेला.

पुन्हा यवतमाळ

पुढचे दिवस माझे. हार्डवेअरच्या दुकानातून राळेचे खडे आणले आणि माझी वितळकी राळ सुजाताच्या खोलीतल्या शेगडीवर पुन्हा शिजवली, या वेळी यवतमाळच्या उन्हाला बेतून. घरमालकीण वासाने वर आली. "कायची भाजी हाये?" तिने विचारलं आणि उत्तर ऐकून खिडक्या उघडून गेली.

रंगाचा कोपरा आधी वेगळा करावा लागणार होता. मी चाक लावलं तेव्हा सुजाताने डोळे मिटले. माझेही मिटले असते, पण मग बोट गेलं असतं. काच निमूटपणे कापली गेली, कोपरा अलग झाला, तोही न फुटता. ही काच फार मऊ. साध्या काचेला लावतो तसा जोर लावला तर ओरखडे पडतात, म्हणून नुसतं हाताचं वजन ठेवून घासत बसलो. आणि नेहमीसारखा साठ अंशांचा लोलक इथे चालतच नाही. ही काच प्रकाशाला इतकी वाकवते की आत गेलेला किरण पलीकडच्या बाजूने बाहेरच पडत नाही. कोन बराच लहान ठेवावा लागला.

मोजलं सुजातानेच. अंधाऱ्या खोलीत पिवळा दिवा, यंत्रावर लोलक, दुर्बिणीला डोळा. पुन्हा पुन्हा मोजून तिने बेरीज-वजाबाकी केली आणि कागद मॅडमपुढे सरकवला. दोनच्या किंचित वर. तिने सूत्राने काढलेला आकडा त्याला जवळजवळ चिकटून होता. मॅडमनी तो कागद दोनदा वाचला आणि कॅन्टीनला फोन करून सगळ्या विभागाला पुरेल इतका चहा सांगितला.

मी परतलो त्यानंतर काही आठवड्यांनी सुजाताचा फोन आला. तोंडी परीक्षा पार पडली होती. परीक्षकांनी लोलक उजेडात फिरवून पाहिला आणि विचारलं, एवढी ताणरहित काच निववली कशात? "राखेत, सर," तिने सांगितलं, आणि त्यांनी पुढचा अर्धा तास काच सोडून रोडग्यांचीच चौकशी केली. मी फोनवर एकटाच हसत सुटलो. मग विचारलं, आणि त्या कापलेल्या कोपऱ्याचं काय झालं? तो मी निघताना चकत्यांसकट तिच्या हाती तिच्या आईंसाठी दिला होता, त्यांना रंग आवडले होते म्हणून.

"दारात टांगलाय आईने," सुजाता म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दाखवते. आणि मामा तिथेच बसून असतात. लोकांना सांगतात, पोरीनं काच केली ते ठीक हाये, पण थ्यात रंग म्या टाकला."